‘सोडा’ म्हटलं तरी सुटेना!

आमच्या आईची सध्याची लाडकी तक्रार अशी : ‘‘लोकांच्या मुली अठ्ठाविसाव्या वर्षी घरात जावई आणतात. आमच्या मुलीनं काय आणलं? तर सोड्याचं मशीन!’’ ही तक्रार मामाकडे, मावशीकडे, खालच्या काकूंकडे आणि एकदा तर चक्क गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाकडेही करून झालीय. तो बिचारा म्हणाला, ‘‘कुठल्या गॅसवर चालतं?’’ झालं! तिथून पुढे आमच्या दोघांच्या पंधरा मिनिटं मस्त गप्पा. आई हताश होऊन आत निघून गेली.

तर मंडळी, स्थळाची माहिती देते. वजन साठेक किलो. उंची माझ्या कमरेपर्यंत. ओतीव बिडाचे दोन पाय, मध्ये जाळीचं पोट, उजव्या अंगाला लाकडी मुठीचं हँडल. बांधा मजबूत. वय पन्नाशीच्या पुढचं. मूळ गाव फलटणच्या बाजूला, सध्या मुक्काम कोथरूडमधल्या आमच्या बाल्कनीत. एका वेळी दोन बाटल्या भरणारं, हातानं फिरवायचं गोटी सोड्याचं मशीन. खोड एकच, गळकं आहे. म्हणजे होतं. त्यावर येतेच.

‘हॉबी काय?’ असं कुणी विचारलं की परवापरवापर्यंत मी ‘रीडिंग, ट्रॅव्हलिंग’ असं छापील उत्तर द्यायचे. आता ‘जुनी सोडा मशीन्स’ म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग म्हणतो, ‘‘अरे, आमच्या आजोळी होतं तसलं!’’ आणि पुढचा अर्धा तास तोच बोलतो. पार्टीत कुणाशी काय बोलायचं हा प्रश्न कायमचा मिटलाय माझा.

ज्यांनी गोटी सोडा कधी प्यायलाच नाही अशा अभागी वाचकांसाठी थोडक्यात. हिरवट जाड काचेची बाटली, मानेत दोन बाजूंनी चिमटा काढल्यासारखी, आणि त्या मानेत एक काचेची गोटी. बाटलीला बूच नाही, झाकण नाही. आतला गॅसच गोटीला वर दाबून धरतो आणि तोंडाशी असलेल्या रबरी रिंगला ती घट्ट चिकटते. अंगठ्यानं किंवा लाकडी ठोकळीनं गोटी आत ढकलायची, फटॅक् असा आवाज, आणि गोटी खाली चिमट्यात जाऊन बसते. पिताना बाटली योग्य बाजूला कलती धरली तर गोटी त्या खाचेत अडकून राहते. चुकीच्या बाजूला धरली तर ती घरंगळत तोंडाशी येते आणि तुम्ही बाटली चोखत बसता. पहिल्यांदा पिणारा शंभरातले नव्वद वेळा चुकीच्याच बाजूला धरतो. (मीसुद्धा. फोटो आहे. दाखवणार नाही.)

ही अक्कल हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनियरची. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं गोटीच्या बाटलीची पेटंट्स घेतली. त्याआधी सोड्याच्या बाटल्या बुडाला चक्क अंड्यासारख्या गोल असायच्या! कारण? बूच सुकलं की आक्रसतं आणि गॅस निसटतो. बाटली उभीच राहू शकली नाही तर ती आडवी ठेवावी लागणार आणि बूच ओलं राहणार. एखाद्या वस्तूला मुद्दाम उभं राहता येऊ नये म्हणून डिझाइन करणं ही कल्पनाच मला सॉलिड आवडते. कॉडनं ते सगळं एका गोटीवर आणून सोडवलं. मग १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरनं पत्र्याचं दातेरी झाकण आणलं, आपण ज्याला ‘बिल्ला’ म्हणतो ते, आणि हळूहळू इंग्लंडात गोटी हद्दपार झाली. शिवाय तिथली पोरं गोट्या काढायला बाटल्याच फोडायची. आपल्याकडची काय वेगळी होती म्हणा.

पण दोन देशांनी गोटी सोडली नाही. एक जपान. तिथे १८८४ मध्ये कोबे शहरात एका ब्रिटिश माणसानं लेमोनेड विकायला सुरुवात केली आणि ‘लेमोनेड’चं झालं ‘रामुने’. आजही जपानी पोरं उन्हाळ्यात तीच गोटीची बाटली पितात. दुसरा देश आपला. दिल्लीत तो ‘बंटा’, दक्षिणेत ‘गोली सोडा’, आपल्याकडे गोटी सोडा. आणि आता तर ही बाटली एनआरआय झालीय! २०२५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेनं ‘गोली पॉप सोडा’ नावानं तिच्या निर्यातीचा मोठा गाजावाजा केला. म्हणजे ज्या बाटलीला आपण ‘एसटी स्टँडवरचं पिऊ नकोस’ म्हणून नाकं मुरडली, ती आता परदेशातल्या सुपरमार्केटच्या रॅकमध्ये बसलीय. असो.

मशीन माझ्या गळ्यात पडलं ते डेडलाइनमुळे. उन्हाळी सरबतांवर आठशे शब्द हवे होते. मी म्हटलं, कोकम-पन्हं सगळेच लिहितात, आपण गोटी सोडा करू. फलटणजवळच्या एका गावात एक आजोबा अजून हातमशीनवर सोडा भरतात असं मावसभावाकडून कळलं. एप्रिलमधली दुपार, एसटी, डोक्यावर ओढणी. पोचले तर दुकानाचं शटर अर्धं खाली आणि दारात भंगारवाल्याचा टेम्पो. आजोबा मशीनच्या शेजारी पाट टाकून बसले होते आणि भंगारवाला बिडाचा भाव सांगत होता. किलोवर.

मी पत्रकार म्हणून गेले होते, पण त्या क्षणी मी पत्रकार बिलकुल नव्हते. मी म्हटलं, ‘‘आजोबा, थांबा. मी घेते.’’ भंगारवाल्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाव वाढवला. मग मी वाढवला. शेवटी साडेचार हजाराला व्यवहार ठरला. त्या लेखाचे मला किती मिळणार होते ते विचारू नका. फ्रीलान्सर लोकांनी असले हिशोब करायचे नसतात.

टेम्पोही त्याच भंगारवाल्याचा ठरवला. मशीन चढवताना आजोबा म्हणाले, ‘‘पोरी, वरचा रंग काढशील तर दमानं काढ. खाली नाव हाय.’’

मी ‘हो हो’ म्हटलं. त्या वेळी मी लाकडी मुठीचा फोटो काढत होते.

आता जरा वाट वाकडी करून अमेरिकेत जाऊ. कारण माझ्या डोक्यात जे भूत शिरलं ते तिथून आलं. तिकडे सोडा मशीन म्हणजे वेगळी चीज. पेट्रोल पंपावर, सलूनमध्ये, फॅक्टरीत उभी असलेली, नाणं टाकलं की थंड बाटली देणारी लाल पेटी. १९४० आणि ५० च्या दशकांतल्या या पेट्या जमवणं आणि नव्यासारख्या करणं हा तिथला मोठा छंद आहे. कॅन्सस सिटीची व्हेंडो, साउथ बेंडची जेकब्स, चॅटनूगाची कॅव्हेलियर ही तिथली घराणी. आपल्याकडे ‘कुठल्या घराण्याचं गाणं’ म्हणतात ना, अगदी तस्सं. व्हेंडोचं ‘८१’ नंबरचं मॉडेल म्हणजे तर हिरॉईनच. गोल खांदे, पांढरं डोकं, लाल अंग. ८१ म्हणजे पोटात ८१ बाटल्या. जेकब्सचं मशीन रस्त्यावरच्या टपाल पेटीसारखं दिसतं म्हणून त्याला ‘मेलबॉक्स’च म्हणतात.

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट नाण्याची. कोका-कोला १८८६ पासून जवळपास सत्तर वर्षं पाच सेंटला मिळत होता. भाव न वाढण्याचं एक कारण ही मशीन्सच होती. ती एकच नाणं ओळखायची. पाचाचं नाणं सोडलं तर पुढचं सोयीचं नाणं थेट दहाचं, म्हणजे भाव एकदम डबल! शेवटी कंपनीनं १९५३ मध्ये थेट अमेरिकेच्या सरकारला गळ घातली, की साडेसात सेंटचं नाणंच पाडा ना. सरकारनं अर्थातच पाडलं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुट्ट्या पैशांवरून भांडतात तेव्हा मला हे हमखास आठवतं.

तर या पेट्या नव्या करायचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहिलेत. दार उघडायचं, एकेक स्क्रू काढून मफिन ट्रेमध्ये ठेवायचा, सगळा रंग उतरवून नागडा पत्रा करायचा, पोचे काढायचे, प्रायमर, मग आरशासारखा लाल रंग. शेवटी प्लग लावला की आतला दिवा लागतो आणि दाढीवाला दादला डोळे पुसतो. आपणही पुसतो. बघून बघून माझी खात्री पटली होती, की रिस्टोरेशन म्हणजे आधी सगळं खरवडून काढायचं.

त्याच छंदात दुसरा एक पंथ आहे, हे मला फार उशिरा कळलं. ते लोक म्हणतात, पहिला रंग एकदाच असतो; खरचटलेला असू दे, उडालेला असू दे, त्याला हात लावू नका. गंज थांबवा, वायरिंग बदला, चालू करा आणि गप्प बसा. या दोन पंथांची भांडणं आपल्या दत्त आणि विठ्ठल मंडळांच्या वर्गणीच्या भांडणांपेक्षा कडू असतात. आधी मला हे लोक आळशी वाटायचे.

एका रविवारी सकाळी मी सुरुवात केली. बोहरी आळीतून पेंट रिमूव्हर, वायर ब्रश, पॉलिश पेपर. मावसदादाकडून ड्रिल मशीन आणि त्याला लावायचा गोल वायर ब्रश. मशीनच्या अंगावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर होते. दर खंडेनवमीला मशीनची पूजा आणि पूजेआधी एक हात रंग, हा आजोबांचा नेम. म्हणजे वर्षाला एक थर. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे ते मोजता आले असते. पण मोजायला धीर लागतो, आणि ड्रिल मशीनचा आवाज सॉलिड असतो. गुर्रर्र करत हिरवा रंग उडायला लागला की जे काही वाटतं ना, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. डेडलाइनवर लेख गेल्यावरसुद्धा तसं वाटत नाही.

(इथे एक सूचना, मनापासून. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली तीच २०१६ च्या नियमांनी. तेव्हा जुना रंग सुका खरवडू नका, ओला करून काढा, आणि तोंडाला नीट मास्क लावा. मी ओढणी बांधली होती. ओढणीचा काडीचा उपयोग नाही.)

तीन बाजू झाल्या. पुढची बाजू, म्हणजे जाळीच्या खालची दीड हात रुंदीची पट्टी, शेवटी घेतली. हिरवा, त्याखाली हिरवा, त्याखाली फिकट हिरवा, त्याखाली काहीतरी लाल. मला वाटलं रेड ऑक्साइड लागलं, म्हणजे आलाच पत्रा. आणखी जोर लावला. उजव्या कोपऱ्यात हात पोचत नव्हता म्हणून थांबले, फडक्यानं पुसलं, आणि दिसलं.

एक वेलांटी. लाल, पिवळ्या किनारीची, हातानं काढलेली. वेलांटीच्या खाली अक्षराचा अर्धा काना. बाकी चकाकता पत्रा.

आईनं आतून विचारलं, ‘‘आवाज का थांबला गं?’’

मी त्या रात्री फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगायचं तर तीन आठवडे नाही. आजोबांचा एकदा फोन आला, मी मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं. फ्रीलान्सरला कसली मीटिंग? आयुष्यात मी किती लोकांना बाइट द्या, फोटो द्या, पाच मिनिटं द्या म्हणून छळलंय, आणि एका म्हाताऱ्या माणसाचा फोन घ्यायला मला जमेना.

दरम्यान मशीन भोसरीला, मावसदादाच्या वर्कशॉपमध्ये गेलं. कारण सोसायटीनं कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बाल्कनीत ठेवायला साफ नकार दिला. (योग्यच केलं. पण तसं मी त्यांना सांगितलेलं नाही.) तिथे आम्ही ते पूर्ण खोललं तेव्हा मला ते पहिल्यांदा समजलं, आणि ही गंमत सांगायलाच हवी.

बाटलीत साधं पाणी भरायचं, वर थोडी जागा ठेवून. बाटली जाळीतल्या खोबणीत ठेवायची, खालून स्क्रू आवळायचा, म्हणजे तोंड रबरी नळीवर घट्ट बसतं. मग गॅस सुरू. पण नुसता गॅस पाण्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, आत मुरत नाही. त्याला घुसळावं लागतं. म्हणून हँडल. हँडल फिरवलं की बाटल्यांसकट अख्खी जाळी गरगर फिरते, पाणी आणि गॅस एकमेकांत कालवले जातात. शेवटी बाटली उलटी करून थांबायचं, गोटी आपल्या वजनानं तोंडाशी येते. आता बाहेरचा गॅस बंद केला, की आतला गॅस गोटीला तिथेच दाबून धरतो. कुणी बूच बसवत नाही, गॅस स्वतःच आपल्या पाठीमागे दार लावून घेतो!

आता प्रश्न असा, की सिलिंडर जागेवर उभा आणि जाळी फिरतेय, मग गॅस आत जातो कसा? नळीला पीळ नाही का पडणार? इथे खरी कारागिरी आहे. ज्या आसावर जाळी फिरते तो आस पोकळ आहे. गॅस आसातूनच आत शिरतो. स्थिर नळी आणि फिरता आस जिथे भेटतात तिथे एक पितळी ग्लँड आणि आत वायसर. सगळा खेळ त्या वायसरचा. आणि आमचं मशीन नेमकं तिथेच गळत होतं. दादानं रबरी टाकून पाहिला, टेफ्लॉन टाकून पाहिलं, ग्रॅफाइटची दोरी भरून पाहिली. आवळला तर हँडल फिरेना, सैल केला तर फुस्स. साबणाचं पाणी लावलं की तिथे फेसाचा हा एवढा फुगा!

दादा हात पुसत म्हणाला, ‘‘ज्यानं चाळीस वर्षं फिरवलंय त्याला विचार की.’’

गेले. या वेळी लेख नव्हता, डेडलाइन नव्हती. मशीन दादाच्या पिकअपमध्ये मागे बांधलेलं. वाटेत मी मनातल्या मनात चार वेगवेगळी वाक्यं तयार केली आणि दारात पोचल्यावर त्यातलं एकही बोलले नाही. आजोबा बाहेर आले, पिकअपच्या मागे जाऊन मशीनच्या पुढच्या पट्टीवर हात फिरवला. त्यांचा डावा डोळा जायबंदी आहे, त्यामुळे ते वस्तू आधी हातानं पाहतात. हात कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

‘‘सांगितलं होतं की,’’ ते म्हणाले.

मी ‘सॉरी आजोबा’ म्हटलं. ते आत निघून गेले. मी आणि दादा अंगणात उभे. सूनबाईंनी चहा आणला. मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांनीच मग हळू आवाजात सांगितलं, की दुकान सासूबाईंच्या नावानं होतं आणि मशीनवरचं नाव आजोबांनी स्वतः काढलं होतं. पेंटर परवडत नव्हता. ‘‘दरवर्षी मामंजी नावाभोवतीनं रंग द्यायचे. सासूबाई गेल्या त्या वर्षी सगळ्यावरून एकच हात मारला.’’ नाव काय होतं तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

चहा घशाखाली उतरेना. म्हणजे मीच ते दार फोडून आत शिरले होते, आणि आत पाहिलंसुद्धा नव्हतं.

वीसेक मिनिटांनी आजोबा बाहेर आले. हातात एक वाटी आणि एक चपटा डबा. वाटीत एरंडेल, त्यात भिजत घातलेल्या चामड्याच्या चकत्या. माझ्याकडे न बघता दादाला म्हणाले, ‘‘रबर घातलं असशील. रबर तापलं की धरतं. इथं चामडंच लागतं.’’ मशीन खाली उतरवलं. त्यांनी ग्लँड खोलला, आमचं टेफ्लॉन नखानं उचकटून बाजूला टाकलं, चामड्याची चकती बसवली आणि ग्लँड बोटांनी आवळला. पाना लावलाच नाही. मग कान आसाला लावून म्हणाले, ‘‘गॅस सोड.’’

काही नाही. आवाज नाही. मी साबणाचं पाणी आणायला धावले तर म्हणाले, ‘‘त्याची गरज न्हाई.’’

मग त्यांनी मला बोलावलं. पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले ते हे : ‘‘डोळं झाक.’’ आणि त्या चपट्या डब्यातून तारेच्या जाळीचा मुखवटा काढून माझ्या तोंडावर बांधला. १९८३ च्या उन्हाळ्यात एक बाटली हातात फुटली, तेव्हा हा मुखवटा नव्हता. काचेत एखादा बारीक तडा असला, की तो गॅस भरेपर्यंत दिसत नाही. पाणी दाबलं जात नाही, पण वरच्या जागेतला गॅस दाबलेल्या स्प्रिंगसारखा असतो. काच फुटली की तो स्प्रिंग सुटतो. डोळा गेल्यावर हा मुखवटा बायकोनं फलटणच्या एका तारवाल्याकडून बनवून आणला आणि त्यानंतर त्याशिवाय तिनं त्यांना मशीनपाशी बसू दिलं नाही. (पूर्वी दंगलीच्या बातम्यांत ‘सोडावॉटरच्या बाटल्यांचा वर्षाव’ असं का असायचं, ते मला आत्ता कुठे कळलं.)

पाणी माठातलं. का, तर गार पाण्यात गॅस जास्त मुरतो. हे मी नंतर तपासलं. साध्या हवेच्या दाबाला, बर्फाच्या तापमानाचं एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं; २० अंशाला ते जेमतेम ०.९ लिटरवर येतं. म्हणून आजोबा उन्हाळ्यात पहाटे चारला सोडा भरायचे. दुपारी भरलेला सोडा त्यांच्या मते ‘झोपलेला’ असतो.

मी हँडल फिरवलं. त्यांनी मोजलं. माझा वेग जास्त होता, दोनदा थांबवलं. ‘‘ताक घुसळतीस का भांडान करतीस?’’ शेवटी जाळी उलटी धरली. आतून टिक् असा बारीक आवाज आला. दोन गोट्या, अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं. त्यांनी गॅस बंद केला, स्क्रू सैल केला, बाटली बाहेर काढून उजव्या डोळ्यासमोर धरली, आणि अंगठ्यानं फोडली. निम्मी स्वतः प्यायले, निम्मी मला दिली. मी ती सरळ बाजूनं धरली.

‘‘गॅस कमी हाय,’’ एवढंच म्हणाले.

मी धीर करून विचारलं, ‘‘आजोबा, पट्टीवर परत नाव काढून घेऊ का? पुण्यात चांगले साइनबोर्ड पेंटर आहेत. तुम्ही सांगाल तसं अक्षर...’’ ते म्हणाले, ‘‘बघू.’’

मशीन आता पुन्हा बाल्कनीत आहे. सिलिंडर भोसरीला. महिन्यातून एका रविवारी मशीन पिकअपमधून जातं, आम्ही बारा बाटल्या भरतो, दादाचे कामगार पितात. आई एकदा आली होती. तिला जिरं-मीठ घालून दिला. तक्रार बंद झालेली नाही, पण आता ती तक्रार करताना बाटली कशी उघडायची ते हातवारे करून दाखवते. आणि हो, दुसरं मशीन बघून ठेवलंय. सांगलीकडे आहे, चार बाटल्यांचं. आईला सांगू नका.

पट्टी तशीच आहे. गंज चढू नये म्हणून मी त्यावर मशीनच्या तेलाचा बोळा फिरवते, वेलांटीवरून मात्र नाही. येत्या खंडेनवमीला रंग द्यायचाय. तो हिरवाच द्यायचा आणि पोपटी अजिबात नाही, हे आजोबांनी बजावून सांगितलंय. पट्टीवर काय लिहायचं ते अजून सांगितलेलं नाही. मी दर रविवारी रात्री फोन करते. ते विचारतात, प्रेशर किती ठेवलंस?